"व्हिसा असला की कोणी अडवू शकत नाही" हा मेसेज पुढे पाठवू नका

गेल्या आठवड्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. सोसायटीच्या, भिशीच्या, शाळेच्या बॅचच्या आणि घरच्या. त्यात लिहिलंय: "परदेशात विमानतळावर अडवलं तर घाबरू नका. व्हिसा असला की प्रवेश हा तुमचा हक्क आहे. मोबाईल मागितला तर द्यायचा नाही. भारतीय दूतावासाला फोन करा, तासाभरात सोडवतात. परत पाठवलं तरी काही बिघडत नाही, पुढच्या विमानानं पुन्हा जा. हा त्रास फक्त भारतीयांनाच देतात. जास्तीत जास्त लोकांना पाठवा."

मी नागपुरात बर्डीवर बारा वर्षांपासून तिकीट आणि व्हिसाची कागदपत्रं करून देते. उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या टेबलासमोर बहुतेक आईवडीलच बसलेले असतात. कोणाची मुलगी बोस्टनला, कोणाची सून बाळंत होणार. हा मेसेज त्यांच्याच फोनमध्ये आहे आणि त्यावर त्यांचा विश्वास आहे. म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेते.

"व्हिसा असला की प्रवेश हा हक्क आहे." नाही. व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारापर्यंत जाऊन "आत येऊ का" असं विचारायची परवानगी. अमेरिकेचा व्हिसा मुंबईच्या वकिलातीत मिळतो, तो त्यांच्या परराष्ट्र खात्याकडून. विमानतळावर शिक्का मारणारा अधिकारी वेगळ्याच खात्याचा असतो आणि आत सोडायचं की नाही, हे तोच ठरवतो. किती दिवस राहायचं हेही तोच ठरवतो. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्काम आय-९४ नावाच्या नोंदीतल्या तारखेपर्यंतच. ही तारीख बघायची असते हेच अनेकांना ठाऊक नसतं, आणि मुदत उलटून गेली की पुढच्या खेपेला त्याचीच चौकशी होते.

युरोपात शेंगेन व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. पूर्वी शिक्के मोजून हिशेब व्हायचा. 12 ऑक्टोबर 2025 पासून बोटांचे ठसे आणि चेहरा घेऊन संगणकावर नोंद ठेवायला सुरुवात झाली आहे. मलेशियानं डिसेंबर 2023 पासून भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ दिलं, तरी हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट किंवा पैसे दाखवता आले नाहीत म्हणून क्वालालंपूरहून परत आलेले लोक आहेत. परत पाठवताना तिथे जो कागद देतात त्याला "नॉट टू लँड" म्हणतात.

"मोबाईल द्यायचा नाही." इथे जरा थांबते, कारण हे माझ्या घरात घडलंय.

माझी आत्या दोन वर्षांपूर्वी मुलाकडे अमेरिकेला निघाली. नातू आठ महिन्यांचा होता. तिला शंभरदा सांगितलं होतं, आत्या, विचारलं तर सरळ सांग, नातवाला भेटायला आले, तीन महिन्यांनी परत जाणार. विमानात शेजारच्या बाईंनी तिला सल्ला दिला, सहा महिने म्हणा, म्हणजे सहा मिळतात. आत्यानं सहा म्हटलं. हातातलं परतीचं तिकीट तीन महिन्यांचं. अधिकाऱ्यानं तिला आतल्या खोलीत बसवलं आणि फोन मागितला. तेव्हाही एका मैत्रिणीनं पाठवलेला असाच मेसेज तिच्या डोक्यात होता. तिनं फोन छातीशी धरला आणि नाही म्हणाली.

अमेरिकेच्या सीमेवर फोन तपासायला न्यायालयाचं वॉरंट लागत नाही. नागरिक नसलेल्या माणसानं कुलूप उघडून दिलं नाही, तर फोन ठेवून घेता येतो आणि माणसाला प्रवेशही नाकारता येतो. त्यांच्याच आकड्यांप्रमाणे 2024 च्या आर्थिक वर्षात सुमारे 47 हजार प्रवाशांची उपकरणं तपासली गेली. येणाऱ्यांच्या एकूण संख्येत हे प्रमाण अगदी नगण्य आहे. म्हणजे बहुतेकांचा फोन कोणी बघतच नाही. पण ज्याचा मागितला जातो, त्याच्यावर आधीच शंका आलेली असते आणि "नाही" म्हटल्यानं ती पक्की होते.

शेवटी आत्यानं फोन उघडून दिला. घरच्या ग्रुपवर माझ्या भावाचा, म्हणजे तिच्या मुलाचा मेसेज होता: "आई आली की नॅनी बंद करू, महिन्याचे दोन हजार डॉलर वाचतील." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्याकडे आजीनं नातवाला सांभाळणं याला कोणी काम म्हणत नाही. पण त्या खोलीत पगारी बाईचं काम आणि तिच्या जागी येणारी आजी असं ते वाक्य वाचलं गेलं. आत्याला इंग्रजी कामापुरतं येतं. तिनं मराठी दुभाषा मागितला नाही. गरज असेल तर दुभाषा देणं त्यांच्या नियमात आहे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही, आणि ती चूक माझी. पानापानावर आद्याक्षरं करून घेतली, व्हिसा रद्द झाला आणि ती रात्रीच्या विमानानं परत निघाली. घरी आली तेव्हा नातवासाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा बॅगेत तसाच होता.

"दूतावास तासाभरात सोडवतो." दूतावासाशी बोलता येणं आणि दूतावासानं सोडवणं यात फार अंतर आहे. 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 प्रमाणे अटकेतल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीला कळवायला सांगता येतं. वकिलातीच्या माणसाला त्याला भेटता येतं, त्याच्यासाठी वकील लावून देता येतो. सोडवायचा हक्क हे कलम देत नाही. कुलभूषण जाधव यांचं प्रकरण फार वेगळं आणि फार गंभीर, पण तिथेही हेच कलम होतं. पाकिस्ताननं ते मोडलं, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 17 जुलै 2019 रोजी दिला, आणि तरीही जाधव घरी आलेले नाहीत. कोणाला आत घ्यायचं हा प्रत्येक देशाचा स्वतःचा निर्णय असतो, त्यात दुसऱ्या देशाचा राजदूत हुकूम देऊ शकत नाही. अमेरिकेत तर या चौकशीच्या टप्प्यावर वकील सोबत ठेवण्याचाही हक्क मिळत नाही. वकिलातीचा नंबर जवळ जरूर ठेवा. पण एका फोनवर सुटका होईल या भरवशावर अधिकाऱ्याशी वाद घालू नका.

"फक्त भारतीयांनाच." 2025 मध्ये एका ब्रिटिश तरुणीला अमेरिकेत जवळजवळ तीन आठवडे डांबून ठेवलं. ती लोकांच्या घरी राहून त्या बदल्यात घरकाम करत होती आणि त्यालाच काम धरलं गेलं. आत्याच्या बाबतीत झालं तेच. आपणही परत पाठवतोच. हिंदी साहित्याच्या अभ्यासक फ्रान्चेस्का ओर्सिनी यांना ऑक्टोबर 2025 मध्ये दिल्ली विमानतळावरून परत पाठवलं. व्हिसा त्यांच्याकडेही होता. आधीच्या भेटीत व्हिसाच्या अटी मोडल्या, असं कारण सरकारी सूत्रांनी दिलं. आणि आपल्या नागपुरात हे कोणाला परकं वाटू नये. जपानहून आलेले भदंत सुरेई ससाई दीक्षाभूमीच्या कामाशी जन्मभर जोडलेले, पण व्हिसाची मुदत संपली म्हणून त्यांनाही देशाबाहेर काढण्याची वेळ आली होती. पुढे त्यांना भारतीय नागरिकत्व मिळालं. भारतीयांचा अपमान होतो तेव्हा त्यावर बोललंच पाहिजे, मीही बोलते. पण आपल्यालाच निवडून त्रास देतात, असं मनात धरून रांगेत उभं राहिलं की साध्या प्रश्नाचंही उत्तर रागानं दिलं जातं.

"परत पाठवलं तरी काही बिघडत नाही." या वाक्याचा फटका सगळ्यात मोठा, म्हणून शेवटी घेतलं. अमेरिकेत दोन वेगवेगळे कागद असतात. एकात तुम्ही स्वतः प्रवेशाची विनंती मागे घेता. दुसरा तडकाफडकी हकालपट्टीचा हुकूम, आणि त्यानं साधारण पाच वर्षं दार बंद होतं. विनंती मागे घेऊ द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या हातात आहे, पण तसं विचारता नक्की येतं. म्हणून सही करण्याआधी आपल्या भाषेत वाचून दाखवा म्हणायचं. आत्याचा कागद पहिला होता, हे आम्हाला ती परत आल्यावर तो नीट वाचला तेव्हा कळलं. ज्या विमान कंपनीनं नेलं तिलाच परत आणावं लागतं हे खरं, पण तो खर्च ती प्रवाशाकडून वसूल करू शकते.

आणि नोंद राहतेच. अमेरिकेच्या अर्जात सरळ प्रश्न आहे: कधी व्हिसा नाकारला, प्रवेश नाकारला किंवा विनंती मागे घ्यावी लागली का? कॅनडाचा अर्ज तर इतर कोणत्याही देशाबद्दल विचारतो. "नाही" लिहिलं आणि ते खोटं निघालं, तर परत पाठवल्यापेक्षाही मोठं संकट.

गेल्या महिन्यात आत्याचा अर्ज माझ्याच टेबलावर पुन्हा भरला. त्या प्रश्नाशी आलो तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. "हो लिही," ती म्हणाली, आणि काय झालं ते सगळं मला मराठीत सांगायला लागली. मी ते इंग्रजीत लिहिलं, पुन्हा मराठीत वाचून दाखवलं आणि मगच अर्ज पाठवला. मुलाखत मुंबईला आहे, विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढून झालंय.