‘मॉर्फिन देऊन संपवतात’ म्हणणाऱ्यांना

‘आईबापांना हॉस्पिसमध्ये टाकू नका. तिथे उपचार बंद करतात, मॉर्फिन देऊन लवकर संपवतात, अन्नपाणी तोडतात. मुलं मात्र हात धुवून मोकळी होतात.’ हा मजकूर गेल्या महिन्यात मला तिघांनी पाठवला. त्यातल्या एका काकूंना पक्कं ठाऊक होतं की माझे बाबा शेवटचे १९ दिवस हॉस्पिसमध्ये होते. हॉस्पिस म्हणजे बरा न होणाऱ्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यात रुग्णाचा त्रास कमी ठेवून त्याला सांभाळणारी जागा.

उपचार बंद? बाबांना स्वादुपिंडाचा कर्करोग होता. केमो थांबवली ती कर्करोगतज्ज्ञांनी, कारण शरीराला ती पेलवेना. दुखणं, मळमळ, कावीळीची खाज, बद्धकोष्ठता यांच्याकडे नीट लक्ष गेलं ते हॉस्पिसमध्येच. २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात फुप्फुसाचा कर्करोग पसरलेले १५१ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ज्यांना सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणारी शुश्रूषा, मिळाली, त्यांच्या आयुर्मानाचा मध्यक ११.६ महिने निघाला, बाकीच्यांचा ८.९. अभ्यास हॉस्पिसचा नव्हता हे कबूल, पण हॉस्पिस चालतं ते याच शास्त्रावर.

आता मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनांवरचं औषध. या भीतीची किंमत बाबांनी मोजली आहे, तीही माझ्यामुळे. डॉक्टरांनी लिहून दिलेलं असूनही मी घरी अर्धीच गोळी द्यायचे, तीसुद्धा ते कळवळले की. सवय लागेल, गुंगी येईल, काही झालं तर? तीन आठवडे ते रात्रभर खुर्चीत पुढे ओणवून, टेबलावरच्या उशीवर डोकं टेकून बसायचे. आडवं झालं की कळ पाठीत जायची.

हॉस्पिसमध्ये डोस घड्याळावर बांधला: दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांचा आग्रह हाच होता. मॉर्फिन एकदम जास्त दिलं तर श्वास मंदावतो, हे खरं आहे. म्हणूनच सुरुवात थोडक्यात करतात, दुखण्याच्या मानाने मात्रा चढवतात, सोबत रेचक देतात. दुसऱ्या रात्री बाबा पाठ टेकून झोपले. मी मात्र जागीच, त्यांचा श्वास मोजत.

‘इंजेक्शन दिलं आणि तासाभरात गेले’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात. पण चार-चार तासांनी औषध चालू असलेला माणूस कधीही गेला, तरी आधीचा डोस फार तर चार तासांपूर्वीचाच असणार. जीव घेतो तो आजार.

अन्नपाण्याचं म्हणाल, तर तोडलं कुणीच नाही. शेवटी शेवटी भूक आपसूक मावळते, गिळता येत नाही, बळेच भरवलं तर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती. सलाईनचं पाणीही तेव्हा शरीराला नीट वापरता येत नाही; ते पायांत, फुप्फुसांत साचू शकतं. ओल्या बोळ्याने ओठ पुसायला मला तिथल्या नर्सबाईंनी शिकवलं. बाबा तो बोळा लहान मुलासारखा चोखायचे.

राहिली हात झटकणारी मुलं. तशी असतातही, ती घरातही झटकतात. माझा घरचा दिवस गोळ्या, चादरी आणि बाबांवर चिडण्यात जायचा. हॉस्पिसमध्ये चिडायला कारणच उरलं नाही, मग आम्ही गप्पा मारल्या. बाबांनी उभा जन्म मुद्रितशोधनात घालवला. दुखणं आटोक्यात आल्यावर पाचव्या दिवशी त्यांनी पेन्सिल मागितली आणि मला दारावरचा कागद काढून आणायला लावला. त्यावर लिहिलं होतं, ‘हात धुवून आत या’. त्यांनी ‘वू’वर काट मारली आणि वर थरथरत ‘ऊ’ लिहिला. मग नर्सबाईंना समजावलं, ‘धातूत व असेल तरच वून. जेवून, चावून. पण धुऊन.’ त्यांनी हसून नवा कागद लावला.

काकूंनी पाठवलेल्या मजकुरातही ‘धुवून’च आहे.