आपोआप होणाऱ्या गोष्टी

मे महिन्यात खानदेशात आपोआप होणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. बारा वाजले की रस्ते आपोआप ओस पडतात, वरणावर घालायचे तूप बरणीतच आपोआप पातळ होते आणि घरी आलेला पाहुणा कोणी न सांगता कूलरसमोरची खुर्ची धरतो. या यादीत माझ्या फोनचेही नाव असावे, अशी माझी साधी अपेक्षा होती. कारण सेटिंग्जमध्ये ‘अपडेट आपोआप इंस्टॉल करा’ या ओळीसमोरचे बटण मी स्वतःच्या बोटाने सरकवून निळे केले होते, आणि त्या गोष्टीला सात महिने होऊन गेले होते.

हे सात महिने मला कळले ते बँकेच्या ॲपमुळे. एके दिवशी वीजबिल भरायला बसलो, तर ॲपने ‘तुमच्या फोनचा सुरक्षा पॅच जुना आहे’ असे बजावले. मी शोधत शोधत त्या पॅचच्या, म्हणजे अपडेटबरोबर येणाऱ्या सुरक्षेच्या डागडुजीच्या, तारखेपर्यंत पोहोचलो, तेव्हा ती दिवाळीच्या आधीची निघाली. म्हणजे आमच्या घराला दिवाळीत रंग लागला, संक्रांतीला तीळगूळ झाला, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झाला, आणि फोन मात्र त्या दिवाळीपूर्वीच्या अवस्थेत तसाच बसून होता. त्या दिवसापासून मी लक्ष ठेवू लागलो, तेव्हा असे दिसले की दर दोन-तीन दिवसांनी सकाळी पडद्यावर एक संदेश येतो: ‘अपडेट इंस्टॉल होऊ शकले नाही. काहीतरी चुकले.’

काय चुकले, कोणाचे चुकले आणि केव्हा चुकले, यावर फोन एक अक्षर बोलत नाही. आमच्याकडे लग्नात मानपान चुकला, तर थोरल्या आत्या निदान कोणत्या पंगतीत, कोणाच्या हातून आणि कोणता आहेर देताना चुकला, हे वीस वर्षांनंतरही नीट सांगू शकतात.

मुलगी पुण्याला नोकरी करते. तिला फोन केला, तर ती म्हणाली, “बाबा, त्याला काही अटी असतात. फोन वाय-फायवर पाहिजे, चार्जिंगला लावलेला पाहिजे, बॅटरी निम्म्याच्या वर पाहिजे, आत जागा पाहिजे आणि तो कोणी वापरत नाही, अशी वेळ पाहिजे. म्हणून तो साधारण रात्री दोन ते चारच्या दरम्यान ते काम करतो. तुम्ही फक्त झोपा, बाकीचे आपोआप होईल.”

तिचे म्हणणे खरे होते, पण ते पुण्यात खरे होते. अमळनेरला मे महिन्यात आम्ही गच्चीवर झोपतो. संध्याकाळी गच्चीवर दोन बादल्या पाणी मारायचे, फरशीतून निघणारी वाफ गेली की गाद्या टाकायच्या आणि कूस बदलत पहाटेच्या गारव्याची वाट पाहायची, हा इथला शिरस्ता आहे. वाय-फायचा राउटर खाली बैठकीत आहे आणि त्याचे बळ जिन्याच्या पहिल्या वळणालाच संपते. गच्चीवर विजेचा बोर्ड नाही. फोन मी गजरासाठी म्हणून उशाशी घेऊन जातो, निदान घरात मी तसे सांगतो; वास्तविक उकाड्याने झोप लागत नाही म्हणून मी एक-दीडपर्यंत त्यावर काहीबाही पाहत असतो. ज्या घरात माणूसच रात्री दोनला निष्क्रिय नसतो, तिथे फोन निष्क्रिय कसा असणार?

म्हणून मी त्याला खाली ठेवू लागलो. पहिल्या रात्री वीज गेली. इन्व्हर्टरवर कोणते पॉइंट असावेत, याचा निर्णय आमच्या घरात फार पूर्वी झालेला आहे: दोन पंखे, स्वयंपाकघरातला एक दिवा आणि देवघर. राउटरला त्या पंक्तीत पान नाही. दुसऱ्या रात्री वीज होती, वाय-फाय होते, पण सकाळी फोन उचलला तर तो तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखा गरम होता. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या टेबलावर मी तो ठेवला होता, आणि ती भिंत दिवसभराचे ऊन रात्री सावकाश परत करत असते. माहितीपुस्तिका काढून पाहिली, तर फोन ० ते ३५ अंश सेल्सिअसच्या वातावरणात वापरावा, असे छापलेले होते. ३५ अंश हा आकडा आमच्याकडे मे महिन्यात सकाळी दहाच्या आतच मागे पडतो आणि दुपारी पारा ४४-४५ वर जातो. फार तापला की फोन बॅटरी जपण्यासाठी चार्जिंग आधी मंद करतो आणि मग थांबवतो, हे मला नंतर कळले. त्यात त्याचा दोष नाही, एवढ्या उन्हात मीही जेवण निम्म्यावर आणतो.

तिसऱ्या रात्री मी फोन स्टुलावर ठेवून स्टूल कूलरसमोर सरकवले. सौभाग्यवती पाणी प्यायला खाली आली, तिने वाळ्याच्या गार झुळकीत पहुडलेला फोन पाहिला आणि ती म्हणाली, “अहो, त्याला पन्हेही करून देऊ का?”

त्याही रात्री काही झाले नाही, कारण आत जागाच नव्हती. अपडेट अडीच जीबीचे होते आणि फोनमध्ये सव्वा जीबी शिल्लक होती. मग मी एक अख्खी दुपार साफसफाईला बसलो. ‘शुभ सकाळ’ म्हणणारी फुले, सूर्य, चहाचे कप आणि जोडलेले हात यांची संख्या अकराशेच्या वर निघाली. त्यांना घालवताना मला जराही वाईट वाटले नाही. खरी अडचण व्हिडिओंची होती. साक्रीच्या मावसभावाच्या मुलाच्या हळदीचा चौदा मिनिटांचा एक व्हिडिओ होता, ज्यात पहिली सहा मिनिटे फक्त मंडपाचे कापड आणि कोणाचा तरी अंगठा दिसतो. परंतु सातव्या मिनिटाला गेल्या वर्षी वारलेल्या आमच्या काकू एका क्षणासाठी नाचताना दिसतात, म्हणून तो ठेवावा लागला. कानबाईच्या रोटांचे तीन व्हिडिओ ठेवले. थंडीतल्या शेतावरच्या भरीत पार्टीचे नऊ होते. त्यांत काट्याकुट्यांवर वांगी भाजताना सगळीकडे नुसता धूर आहे, तरी त्यातला कोणता धूर काढावा, हे ठरेना. शेवटी बँकेनेच वेळोवेळी पाठवलेल्या माहितीपत्रकांवर बोट ठेवले आणि जागा झाली.

याच सुमारास चोपडा तालुक्यातले आमचे चुलते, नाना, दवाखान्याच्या कामासाठी आले होते. त्यांची केळी आहे. माझा सगळा वृत्तान्त त्यांनी शांतपणे ऐकला आणि शेवटी ते म्हणाले, “तुना फोनले मना ऑटो बसाडी दे भो.”

नानांच्या ऑटोबद्दल शहरी वाचकांना थोडे सांगायला हवे. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्री दीड वाजता वीज आली, तर ती आली हे कळायलाही विहिरीवर माणूस जागा हवा. म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच बसवतो. वीज आली की मोटार आपली आपण सुरू होते, पाणी केळीला जाते आणि शेतकरी घरी झोपतो. हा ऑटो वाय-फाय मागत नाही, मोकळी जागा मागत नाही, आणि सकाळी ‘काहीतरी चुकले’ असेही म्हणत नाही. त्याचे दुखणे वेगळे आहे. वीज येताच शिवारातल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात, डीपीवर, म्हणजे शिवाराला वीज देणाऱ्या रोहित्रावर, एकदम भार पडतो आणि ती जळते. म्हणून वीज कंपनी वर्षानुवर्षे सांगत असते की ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा. शेतकरी ते ऐकून मान डोलावतो, एवढेच.

मुलीला मी हे सांगितले, तेव्हा ती हसली नाही. ती म्हणाली, “बाबा, फोन कंपन्या हेच टाळतात. नवे अपडेट सगळ्यांना एका दिवशी देत नाहीत. आधी थोड्या फोनना देतात, काही बिघाड दिसला तर तिथेच थांबवतात, मग हळूहळू वाढवत नेतात. शिवाय २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून नव्या फोनमध्ये त्यासाठी दोन कप्पे ठेवण्याची सोय झाली आहे. एका कप्प्यातून फोन चालतो, दुसऱ्यात नवे अपडेट गुपचूप मांडले जाते, आणि फोन बंद होऊन सुरू झाला की तो नव्यात राहायला जातो. नवा कप्पा सुरूच झाला नाही, तर तो जुन्यात परत येतो.” हे मला पटले. वास्तुशांती झाल्याशिवाय जुने घर सोडू नये, हे आमच्याकडेही पाळतात. फोन सात महिने नापास होऊनही सकाळी इतका प्रसन्न कसा दिसायचा, याचा उलगडा मात्र मला त्या दिवशी झाला.

नाना म्हणाले, “म्हंजे डीपी जयत नही.” नानांना विषय माझ्याआधी कळला होता.

त्या रात्री मी कसलीही कसर ठेवली नाही. बॅटरी ८४ टक्के होती, वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या, आत पावणेचार जीबी मोकळी होती, कूलर सुरू होता आणि वीजही होती. गच्चीवर जाण्याचा मोह टाळून मी बैठकीतच सतरंजी टाकली आणि पहारा सुरू केला. बारा वाजता पाहिले, काही नव्हते. एक वाजता पाहिले. दोन वाजून दहा मिनिटांनी मला पडद्यावर किंचित उजेड झाल्यासारखा वाटला, म्हणून मी लगबगीने फोन उचलला, अंगठा लावून उघडला आणि सेटिंग्जमध्ये शिरून सुरू झाले का, ते तपासले. नव्हते झाले. असे मी पहाटे चारपर्यंत सहा वेळा तपासले. सकाळी मुलीला हे सगळे मोठ्या तक्रारीच्या सुरात सांगितले, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, “बाबा, तो तुम्ही झोपण्याची वाट पाहत होता.”

हे बोलणे स्पीकरवर चालले होते. सौभाग्यवती शेंगदाणे निवडत बसली होती. आमचे दोघांचे फोन एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच कंपनीचे घेतलेले आहेत, हे मला त्या क्षणी आठवले. मी तिचा फोन मागून घेतला आणि पाहिले, तर सुरक्षा पॅच याच महिन्याचा होता.

“तू हे कसे केलेस?” मी विचारले.

“काय केले?”

“अपडेट.”

“ते काय असते?” ती म्हणाली, आणि तिने सूप पुन्हा हातात घेतले.

चौकशीअंती असे निष्पन्न झाले की ती रोज रात्री नऊ वाजता स्वयंपाकघरातल्या माठाशेजारी, बाजरीच्या डब्यावर फोन पालथा ठेवते, त्याला चार्जर लावते आणि सकाळी चहा होईपर्यंत त्याला विसरते. माठाजवळचा तो कोपरा घरात सर्वांत गार आहे आणि मधल्या भिंतीपलीकडेच राउटर आहे. वीज जाते त्या रात्री तिच्याही फोनचे काम अडत असणार. परंतु दुसऱ्या रात्री तो पुन्हा त्याच डब्यावर, तसाच पालथा असतो.

मी माझा फोन निमूटपणे तिच्या हवाली केला आणि गच्चीवर गेलो. पहाटेचा गारवा लागला तो थेट सहाला. खाली आलो, तर फोन बाजरीच्या डब्यावर होता आणि त्यावर ‘तुमचा फोन अपडेट झाला आहे’ असे लिहिलेले होते. नाना ओट्यावर बशीत चहा ओतत होते. त्यांना मी फोन दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि चष्मा वर सरकवून विचारले, “मंग बदलनं काय?”

मी बराच वेळ पडद्याकडे पाहिले, एक-दोन ॲप उघडून बंद केले आणि पुन्हा पहिल्या पडद्यावर आलो.

“घड्याळाचे आकडे जरा जाड झाले आहेत,” मी म्हणालो.