शिट्टी नाही म्हणून पोर्क कच्चं राहत नाही

‘इलेक्ट्रिक कुकरला शिट्टी नसते, त्यामुळे पोर्कमधले जंत मरत नाहीत’ हा मेसेज सध्या म्हापशापासून मडगावपर्यंत फिरतोय. यात तथ्य नाही. शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर पडण्याचा आवाज. इलेक्ट्रिक कुकरमध्ये वाफ साठली की सेन्सर हीटर बंद-चालू करून दाब राखतो, म्हणून तो गप्प. प्रेशर मोडवर आत साधारण ११५ अंश सेल्सिअस तापमान असतं. पोर्कच्या तुकड्याच्या मधोमध ६३ अंश होऊन तीन मिनिटं गेली की पट्टकृमीच्या (पोर्कमधल्या जंताच्या, म्हणजे टेपवर्मच्या) अळ्या मरतात. खिमा मात्र ७१ अंशांपर्यंत न्यावा.

शिट्टीच्या कुकरमध्ये दाब थोडा जास्त, म्हणून इलेक्ट्रिक कुकरमध्ये पाच-सात मिनिटं वाढवा, एवढाच फरक. पोर्क, बटाटे, माडाचं व्हिनेगर एकदम घातलंत तरी चालेल, पण कपभर पाणी हवंच. मसाला तळाला चिकटला तर कुकर दाब धरायच्या आधीच थांबतो. अनेकांची खरी तक्रार हीच असावी. फेजांवसाठी, म्हणजे राजमा-पोर्कच्या गोवन रश्श्यासाठी, राजमा रात्रभर भिजवा आणि स्लो कुकवर टाकू नका. कमी आचेवर त्यातलं विष जात नाही.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.