खुलासा : ‘कॅल्क’ महिन्याभराने बंद पडत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बचतगटांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : ‘लिब्रेऑफिस कॅल्क महिनाभरच फुकट, नंतर हिशेब लॉक होतात, मराठीही मोडते.’ हे खरं नाही. कॅल्क हा एक्सेलसारखा, हिशेबाचे तक्ते ठेवायचा प्रोग्राम, लिब्रेऑफिस या संचातला. लिब्रेऑफिस २०१० मध्ये सुरू झाल्यापासून मोफत आहे, धंद्यासाठीसुद्धा. डाउनलोड करताना देणगीचं पान दिसतं, ती ऐच्छिक असते.

मराठी बिघडते ती फाइलमुळे. सीएसव्ही (साध्या मजकुरात साठवलेला तक्ता) उघडताना येणाऱ्या चौकटीत ‘यूटीएफ-८’ ही अक्षरपद्धत निवडा. बहुतेकदा नावं सरळ दिसतात. यादी जुन्या श्रीलिपी किंवा कन्नड नुडी फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर मात्र ती युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून घ्यावीच लागते. तो फॉन्ट नसेल तर एक्सेलमध्येही तशीच खिचडी दिसते.

समोरच्याकडे एक्सेल आहे? ‘सेव्ह अ‍ॅज’मधून एक्सएलएसएक्स (एक्सेलचा फाइल-प्रकार) निवडून पाठवा. आणि कृपा करून, घाबरून बायकांनी कष्टाने भरलेले हिशेब पुसू नका.