पुन्हा तेच ॲप्ट-की!

अहो, बाहेरच्या रिपॉझिटरीची (सॉफ्टवेअरच्या कोठाराची) सही तपासणारी की, म्हणजे डिजिटल किल्ली, लिनक्सला देणारी ॲप्ट-की ही कमांड कधीची मोडीत निघाली! डेबियन या लिनक्सच्या १२व्या आवृत्तीनंतर ती कमांडच गायब. तरी इन्स्टॉलच्या सूचनांत अजून तीच ओळ, तीही सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने. तशी टाकलेली की एका रिपॉझिटरीपुरती राहत नाही. तिच्या सहीने कुठलीही रिपॉझिटरी खरी ठरते. दूधवाल्याला अख्ख्या घराची किल्ली! की कीरिंग्ज फोल्डरात ठेवा, सोर्समध्ये (रिपॉझिटरीचा पत्ता असलेल्या फाइलीत) साइन्ड-बाय लिहून ती त्या एकीशीच बांधा, एवढंच तर आहे. वर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या ॲप्टच्या लेखी प्राधान्य बहुतेक सगळ्या रिपॉझिटरींचं सारखंच, ५००. मग बाहेरच्या रिपॉझिटरीत आवृत्ती वरची दिसली की अपग्रेड मुकाट तीच उचलतं. रिपॉझिटरी घ्यायची एका व्हिडिओ प्लेअरसाठी, आणि बदलून बसायचं एफएफएमपेग, इतरही प्रोग्रॅम वापरतात ते व्हिडिओ-ऑडिओचं सॉफ्टवेअर! पिनिंग करून, म्हणजे प्राधान्य स्वतः ठरवून, ती रिपॉझिटरी १००पर्यंत खाली आणा, हे मात्र कुणी लिहीत नाही.