मुक्या जनावराच्या ताटात काय कमी आहे?

गोव्यातील डिचोली आणि पर्वरी येथील आमच्या नातेवाइकांत सध्या घरच्या कुत्र्याच्या जेवणावरून वाद चालू आहे आणि तो फोनवरून इंग्लंडमध्ये माझ्यापर्यंतही पोहोचतो. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की पाकिटातल्या दाण्यांत रसायने असतात, पूर्वी घरचे कुत्रे पेजेवर आणि माशांच्या डोक्यांवर जगत, तेच नैसर्गिक. घरातली तरुण मंडळी त्याही पुढे जातात. कुत्रा लांडग्याचा वंशज असल्यामुळे त्याला भात देऊच नये, कच्चे मांसच द्यावे, असा त्यांचा आग्रह आहे आणि पुरावा म्हणून ‘तुमच्याकडे तर सगळे हेच देतात’ असे ते मला ऐकवतात. अन्न कुठून आले याचीच चर्चा दोन्ही बाजू करतात; त्या अन्नात काय कमी आहे, हा प्रश्न कोणीच विचारत नाही, आणि माझ्या मते जनावराचे आरोग्य त्याच प्रश्नावर अवलंबून आहे.

प्रथम ‘तुमच्याकडे’ काय चालते ते सांगते. मी राहते त्या स्विंडनमध्ये गोवेकरांची वस्ती मोठी आहे आणि इथल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांत गोठवलेले कच्चे मांस मिळते, हे खरे. परंतु ते विकणाऱ्या उत्पादकाला सरकारी मान्यता घ्यावी लागते, मालाची साल्मोनेला जंतूंसाठी तपासणी करावी लागते आणि कारखान्यापासून घरापर्यंत ते गोठलेलेच राहावे लागते. एवढे करूनही धोका संपत नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात डिसेंबर 2024 मध्ये कच्चे गोठवलेले अन्न खाल्लेले एक घरमांजर बर्ड फ्लूने मेले आणि तो माल बाजारातून परत घ्यावा लागला. बाजारातून उघड्यावरचे मांस आणायचे, पावसाळ्यात तासन्‌तास वीज नसलेल्या फ्रीजमध्ये ठेवायचे आणि कच्चेच वाढायचे, यात परदेशाचे अनुकरण फक्त दिसण्यापुरते आहे. त्या घरात रांगणारे मूल किंवा आजारी म्हातारे माणूस असेल, तर मला त्याची अधिक काळजी वाटते.

भाताविषयीचा आक्षेपही टिकणारा नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक असतात. माणसाच्या शेतीच्या आधाराने राहता राहता कुत्रा शिजलेले धान्य पचवायला शिकला, त्यामुळे नीट शिजवलेला भात त्याला परका नाही.

आता जुन्या पद्धतीकडे येते, कारण तिच्यात जेवढे शहाणपण होते तेवढे तिचा अभिमान बाळगणाऱ्यांनाही जाणवत नाही. पेडवे आणि तारले अख्खे, मऊ होईपर्यंत उकडून भातात कुस्करले जात. तारल्यासारख्या काही माशांत थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते आणि ते उष्णतेने निकामी होते. शिवाय त्या माशांचे बारीक काटे शिजून मऊ पडत आणि त्यांतून कॅल्शियम मिळे. आज पर्वरीच्या फ्लॅटमध्ये ‘नैसर्गिक’ म्हणून जे दिले जाते ते मात्र बिनहाडाचे चिकन, भात आणि थोडा दुधी. 100 ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस सुमारे 200 मिलिग्रॅम असतो आणि कॅल्शियम जेमतेम 10 ते 15 मिलिग्रॅम. कुत्र्याला मात्र कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान बरोबरीने, शक्यतो थोडे अधिक लागते. अशा जेवणावर वाढणाऱ्या पिल्लाचे शरीर रक्तातली उणीव भरून काढण्यासाठी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून घेते आणि ती हाडे ठिसूळ होतात. काटा गेला, त्याच्या जागी काही आले नाही, आणि ताट पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसते म्हणून कोणाला शंकाही येत नाही. (यावर उपाय म्हणून कोंबडीची शिजलेली हाडे देऊ नयेत, ती टोकदार फुटून आतड्यात रुततात.)

आणि ‘पूर्वीचे कुत्रे जगले’ हे विधान अपुरे आहे. जी पिल्ले जगली नाहीत त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही, आणि जी जगली ती दिवसभर गावात हिंडून जे मिळेल ते खात होती. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या लॅब्राडोरला आपण वाढतो त्यापलीकडे काहीही मिळत नाही. हुमणातला (माशांच्या कालवणातला) उरलेला भात त्याला देणे तर टाळलेच पाहिजे, कारण कांदा आणि लसूण कुत्र्यामांजरांच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. मांजराची गोष्ट आणखी नाजूक आहे. त्याला टॉरिन हे पोषकद्रव्य अन्नातूनच मिळावे लागते. ते कमी पडले तर हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे 1987 मध्ये सिद्ध झाले. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून मासे उकडलेले पाणी फेकून देणाऱ्या घरात मांजराच्या वाट्याचा मोठा भाग मोरीत जातो.

पाकिटावर आंधळा विश्वास ठेवा, असेही मी म्हणणार नाही. 2007 मध्ये मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमुळे उत्तर अमेरिकेत असंख्य कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली, आणि तो माल नामांकित नावांखाली विकला गेला होता. गोव्याच्या दमट हवेत गोणीतून सुटे विकले जाणारे दाणे मी तर घेऊच देणार नाही, कारण त्यांवर तारीख नसते आणि मक्यावर चढणाऱ्या बुरशीचे विष डोळ्यांना दिसत नाही. इथे इंग्लंडमध्ये पाकिटावर ‘संपूर्ण आहार’ की ‘पूरक आहार’ हे छापणे कायद्याने बंधनकारक आहे आणि मी तेवढेच आधी वाचते. ‘नैसर्गिक’ हा शब्द किती मोठ्या अक्षरांत आहे, याकडे पाहत नाही.

घरचे अन्न द्यायची ज्यांची इच्छा आहे त्यांना ते देता आले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी गोव्याच्या पशुसंवर्धन खात्याने तिथल्याच जिन्नसांवर आधारलेला, वजनानुसार मापे दिलेला आहारतक्ता मराठीत आणि कोंकणीत काढावा. त्यात उकडा तांदूळ, नाचणी, अंडे, पेडवे यांची प्रमाणे असावीत, अंड्याच्या टरफलाची पूड किती घालायची ते असावे, आणि 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ताज्या माशाऐवजी काय द्यावे तेही असावे, कारण त्या दिवसांत घराघरांत हाताशी येतात ते सुके बांगडे कुत्र्याला देण्याजोगे नसतात, इतके मीठ त्यांत असते.