दर वेळी पेडलचा स्विचच दोषी कसा?

ब्रेकचे दिवे लागेनासे झाले किंवा लागलेले विझेनासे झाले की काय करावे, याविषयीचा एक सल्ला सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा : दोष जवळजवळ नेहमीच पेडलच्या स्विचमध्ये असतो, खात्री करायची तर कनेक्टर उपसून त्यातल्या दोन वायरी एकमेकींना जोडाव्यात, दिवे लागले की स्विच गेला, बल्बच्या होल्डरपाशी मीटरने १२ व्होल्ट दाखवले की वायरिंग निर्दोष, नवा स्विच जागेवर दाबून बसवला की काम संपले, फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर एक पायरी वरचा टाकावा, आणि हे सगळे दिव्यापुरतेच असल्यामुळे सवडीने केले तरी चालते. स्विच हा दोन बोटांत मावणारा आणि बहुतेक गाड्यांत काही मिनिटांत बदलता येणारा भाग असल्याने हा सल्ला पटकन पटतो, आणि स्विच खरोखरच बिघडलेला असेल तेव्हा तो लागूही पडतो. अडचण उरलेल्या वेळांची आहे.

पहिले विधान दोषाच्या जागेचे. साध्या गाडीत ब्रेक लाइटचा मार्ग बॅटरीपासून निघतो, फ्यूजमधून पेडलच्या वरच्या अंगाला असलेल्या स्विचकडे येतो, तिथून एक वायर मागच्या टोकापर्यंत जाते, तिथे तिला डावा, उजवा आणि बहुतेक गाड्यांत काचेजवळचा तिसरा असे फाटे फुटतात, आणि प्रत्येक फाटा आपापल्या बल्बमधून जाऊन अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला मिळतो. फाट्याच्या अलीकडचा दोष सगळ्या दिव्यांना सारखाच भोवतो आणि पलीकडचा दोष एकाच दिव्याला, एवढे ध्यानात ठेवले तर मीटर हातात घेण्याआधीच निम्मे निदान होते. एकच दिवा बंद असून बाकीचे दोन लागत असतील, तर अशा गाडीत स्विच तिथल्या तिथे निर्दोष ठरतो. पाहायचे ते बल्ब, होल्डर आणि त्या बाजूचा अर्थ. तिन्ही बंद असतील तर फ्यूज, स्विच आणि मागे जाणारी सामाईक वायर असे संशयित उरतात. दिवा डिकीच्या दारावर असेल तर बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जाणाऱ्या वायरी दार उघडून-मिटून वाकत राहतात आणि वरचे आवरण शाबूत असतानाही आतली तार तुटते, हेही विसरू नये. दुचाकीवर तर ही परीक्षा फुकटच होते, कारण पुढच्या आणि मागच्या ब्रेकचे स्विच समांतर जोडलेले असतात. एका ब्रेकने दिवा लागतो आणि दुसऱ्याने लागत नाही, तर बल्ब आणि अर्थ यांच्याकडे पाहण्याचे कारणच नाही.

दिवे विझत नाहीत, या तक्रारीत तर स्विचवर निष्कारण आळ येण्याची शक्यता आणखी मोठी. या स्विचचे काम दाराच्या घंटीच्या उलट चालते. पेडल मोकळे असते तेव्हा त्याची पट्टी स्विचची दांडी आत दाबून धरते आणि संपर्क तुटलेला राहतो. ब्रेकवर पाय पडला की पट्टी दूर जाते, स्प्रिंग दांडीला बाहेर ढकलते आणि संपर्क जुळतो. ज्या ठिकाणी दांडी पट्टीला टेकते तिथे बऱ्याच गाड्यांत एक भोक असते आणि त्या भोकात रबराचे किंवा प्लॅस्टिकचे छोटे बूच बसवलेले असते. काही वर्षांनी हे बूच ठिसूळ होऊन फुटते, दांडी मोकळ्या भोकातून आरपार जाते, आणि पेडल कितीही वर आले तरी स्विचला ते दाबलेलेच वाटते. माझ्या परिचयातल्या एका गाडीचा स्विच एका गॅरेजने दोनदा बदलला होता, आणि तरीही रात्रभरात बॅटरी उतरत होती. पायाखालची चटई उचलली तेव्हा तिच्या कडेला पिवळट प्लॅस्टिकचे तीन-चार तुकडे सापडले. जुळवून पाहिले तर शर्टाच्या बटणाएवढी चकती तयार झाली. दोन्ही जुने स्विच मीटरवर ठणठणीत निघाले. बॅटरी का उतरत होती हे सरळ गणित आहे : २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर खातात, म्हणजे ४५ अँपिअर-अवरची पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा कागदावर तेराएक तासांत रिकामी होते, आणि स्टार्टर त्याच्या बऱ्याच आधी मान टाकतो.

वायरी थेट जोडून पाहण्याची युक्ती सर्वस्वी टाकाऊ नाही. दोनच वायरींच्या जुन्या स्विचमध्ये ती योग्य आहे, मात्र तिच्यातून निष्कर्ष कोणता निघतो हे सल्ला देणाऱ्याने नीट पाहिलेले नाही. जोडल्यावर दिवे लागले, तर स्विच सोडून उरलेला मार्ग बरा आहे एवढेच कळते; स्विच खराब आहे, की तो जागेवरून सरकला आहे, की कनेक्टर उपसताना त्यातल्या सैल पिनांवरचा काळा थर खरवडला जाऊन दोष तात्पुरता झाकला गेला, हे कळत नाही. शिवाय अनेक गाड्यांत या स्विचला चार वायरी असतात. त्यांतली एक जोडी दिव्यांची, ब्रेक दाबल्यावर जुळणारी. दुसरी कंट्रोल युनिटची, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकाची, ब्रेक दाबल्यावर तुटणारी. काही नव्या गाड्यांत तर दिव्यांचा प्रवाह स्विचमधून जातच नाही. स्विच किंवा चुंबकीय सेन्सर नुसती वर्दी देतो आणि दिवे मॉड्यूल, म्हणजे असेच एखादे इलेक्ट्रॉनिक युनिट, लावते. तिथे वायरिंगचा नकाशा न पाहता हाताला लागतील त्या दोन पिना जोडणे म्हणजे मॉड्यूलच्या नाजूक सिग्नल-वायरवर थेट बॅटरी सोडण्याचा धोका पत्करणे. अशा गाडीत स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायच्या तपासणी-यंत्रावर, ब्रेक स्विचची स्थिती पाहत पेडल दाबावे आणि सोडावे, हा मार्ग सोपाही आहे आणि निर्धोकही.

आता १२ व्होल्टची गोष्ट. या सल्ल्यात सर्वांत जास्त लोकांना फसवणारे विधान हेच आहे, कारण ते मोजमापाचा आव आणते. डिजिटल मीटरचा अंतर्गत विरोध साधारण एक कोटी ओहमचा असतो, त्यामुळे तो मार्गातून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. आणि जिथे प्रवाह नाही तिथे खराब जोडावर व्होल्टही पडत नाहीत. दहा तारांपैकी नऊ तुटून एकच केसासारखी उरलेली वायरदेखील बल्ब काढलेल्या होल्डरवर मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. बल्ब लावला की खरे स्वरूप उघडे पडते. समजा स्विचच्या जळक्या संपर्कात केवळ एक ओहम विरोध आला आहे. २१ वॅटचे दोन पेटलेले बल्ब मिळून सुमारे साडेतीन ओहम भरतात. म्हणजे १२ पैकी जवळपास पावणेतीन व्होल्ट स्विचमध्येच खर्च होतात आणि बल्बला सव्वानऊच्या आसपास मिळतात. तापतारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो, त्यामुळे पाव हिस्सा व्होल्टेज गेले तर उजेड निम्म्याच्याही खाली येतो. दिवा लागतो खरा, पण मागून येणाऱ्याला भर उन्हात तो लागल्याचे कळत नाही, आणि हाच स्विच बाहेर काढून नुसत्या मीटरवर धरला तर पुष्कळदा निर्दोष ठरतो.

म्हणून मोजायचे ते प्रवाह चालू असताना. कनेक्टर जागेवरच ठेवावा, मीटरच्या सुया मागच्या बाजूने दिव्यांच्या दोन पिनांवर टेकवाव्यात, आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. दिव्यांचा प्रवाह थेट स्विचमधून जाणाऱ्या साध्या मार्गात पुढचे आकडे बरेच काही सांगतात. पेडल मोकळे असताना इथे बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज दिसले तर ते शुभलक्षण समजावे : फ्यूजकडून पुरवठा येतो आहे आणि पलीकडे निदान एका बल्बमधून अर्थपर्यंतचा मार्ग सलग आहे, हे एका वाचनात सिद्ध झाले. मग आसन आणि पेडल यांच्यामध्ये काठी अडकवून ब्रेक दाबलेला ठेवावा. वाचन ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत आले तर स्विच निर्दोष सुटला. एक-दोन व्होल्ट आले तर आतले संपर्क जळले आहेत. पूर्ण १२ व्होल्ट तसेच राहिले तर संपर्क जुळतच नाही, आणि दांडी पूर्ण बाहेर आलेली दिसत असेल तर स्विच नक्की गेला. पेडल मोकळे असताना दिवे बंद आणि वाचन शून्य असेल, तर स्विचला हात लावण्याआधी फ्यूज आणि पुढचा मार्ग पाहावा.

हीच पद्धत अर्थच्या बाजूलाही लागू पडते : एक सुई होल्डरच्या अर्थ-पिनेवर, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर, आणि ब्रेक दाबलेला. इथेही वाचन व्होल्टच्या एक-दोन दशांशांच्या वर जाऊ नये. अर्थ कच्चा असेल तर मीटरवाचूनही खूण पटते. ब्रेक दाबल्यावर दिवा मंद लागतो आणि त्याच वेळी शेजारचा टेल लाइट किंवा इंडिकेटर मिणमिणतो, कारण पत्र्याकडे जाणारी वाट बंद झाल्यावर प्रवाह दुसऱ्या तारेतून उलट्या दिशेने वाट काढतो. हे दृश्य पाहूनही स्विच बदलणाऱ्याला काय म्हणावे, हे मला अजून सुचलेले नाही. जाता जाता एक खुलासा : थंड बल्बची तार मीटरवर एक ओहमच्याही आत वाचन देते, ते साहजिक आहे. तापल्यावर तिचा विरोध दहापट होतो. चांगला बल्ब शॉर्ट समजून फेकून देण्याचे प्रकार याच अज्ञानातून घडतात.

नवा स्विच नुसता दाबून बसवण्याचा सल्ला काही गाड्यांत अपायकारक आहे. आट्यांच्या स्विचवर लॉक नट असतो आणि दांडीभोवतीचा भाग व पेडलची पट्टी यांच्यात ठरावीक फट सोडायची असते. ती गाडीच्या पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेली असते. स्विच जास्त पुढे आला तर त्याचे धडच पेडलला पूर्ण वर येऊ देत नाही, पेडलच्या दाबाने ब्रेकचे तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमधील तेल परत जाण्याचे छिद्र मोकळे होत नाही, आणि चालता चालता ब्रेक किंचित धरलेले राहून तापू लागतात. दिव्याच्या दुरुस्तीतून ब्रेकचा बिघाड ओढवून घ्यायचा तो असा. काही स्विच स्वतःची लांबी एकदाच बसवून घेतात. त्यांची दांडी आधी पूर्ण बाहेर ओढून, पेडल दाबलेले ठेवून ते बसवायचे आणि मग पेडल अलगद वर आणायचे असते. हा क्रम चुकला तर पहिल्याच दिवशी नवा स्विच वाया जातो, आणि माल निकृष्ट होता अशी बोलवा होते.

मोठ्या फ्यूजबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. फ्यूज वायरीच्या जाडीनुसार ठरतो, बल्बच्या सोयीनुसार नव्हे. १० अँपिअरचा उडतो म्हणून १५ किंवा २० चा टाकला तर पुढच्या वेळी वितळेल ती आतली वायर. उडणारा फ्यूज शॉर्ट दाखवत असतो, आणि तो शॉर्ट बिजागरीजवळ घासलेल्या वायरीत, दोन तारांचा बल्ब जबरदस्तीने उलटा बसवलेल्या होल्डरमध्ये किंवा पाणी शिरलेल्या ट्रेलर-सॉकेटमध्ये शोधावा.

राहिले शेवटचे विधान, की हे काम दिव्यापुरतेच आहे. ब्रेक दाबल्याची वर्दी नव्या गाडीत अनेकांना लागते. ती न मिळाल्यास ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पार्किंगमधून निघत नाही आणि बटणाने सुरू होणारी गाडी पुष्कळदा सुरूच होत नाही. वर्दी कायमची चालू राहिली तर क्रूझ कंट्रोल लागत नाही. चार वायरींच्या स्विचच्या दोन जोड्या एकमेकींशी विसंगत बोलू लागल्या की कंट्रोल युनिट पी०५०४ हा दोषाचा कोड नोंदवते, आणि स्विचच्या एका सर्किटमधील दोषासाठी पी०५७१ हा कोड आहे. अशा वेळी तिन्ही ब्रेक लाइट लख्ख लागत असूनही दोष स्विचमध्येच असू शकतो, कारण बिघडलेली असते ती दुसरी जोडी. सल्ल्याप्रमाणे वायरी जोडून पाहणाऱ्याच्या तो कधीच हाती लागणार नाही.